एका अणूच्या जाडीचा पापुद्रा कसा काढायचा

आमच्या प्रयोगशाळेत कुणी नवीन आलं की पहिल्या दिवशी मी त्याच्या हातात चिकटपट्टीचं रीळ ठेवते. चेहरा बघण्यासारखा होतो. पोरगं क्वांटम मटेरियल्स शिकायला आलेलं असतं, कोपऱ्यातला तो निरपेक्ष शून्याच्या जवळ नेणारा, सोनेरी तबकड्यांचा फ्रिज बघून हरखलेलं असतं, आणि ही बाई टेप देते. पण त्या फ्रिजमध्ये जे उतरवायचं ते टेपवरच जन्माला येतं. टेपवर चुकलं की पुढचे दोन महिने पाण्यात.

मी बार्शीची. गेली आठ वर्षं मुंबईत हेच करते: ग्रॅफाइटचे पापुद्रे काढायचे, एकावर एक रचायचे आणि त्यांतून वीज कशी वाहते ते मोजायचं. शोधनिबंधात या कामाच्या वाट्याला एखादी ओळ येते, नमुने नेहमीच्या पद्धतीने तयार केले, एवढीच. त्या ओळीच्या पोटात काय असतं ते लिहून ठेवते. एमएस्सीच्या प्रकल्पाला किंवा उन्हाळ्यातल्या दोन महिन्यांसाठी अशा प्रयोगशाळेत जाणार असाल तर उपयोगी पडेल.

लहानपणी अभ्रकाचा तुकडा सापडला की नखाने त्याचे पापुद्रे काढत बसायचो, आठवतंय? ग्रॅफाइटचं तसंच आहे, फक्त जास्त टोकाचं. त्याच्या एका थरातले कार्बनचे अणू षटकोनात एकमेकांना घट्ट धरून असतात. दोन थरांमध्ये मात्र ओढ अगदीच क्षीण. दोन थरांतलं अंतर ०.३३५ नॅनोमीटर, म्हणजे एक मिलिमीटर जाड तुकड्यात जवळजवळ ३० लाख थर. त्यातला एक सुटा काढला की ते ग्रॅफीन. मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्तांतिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ साली ते टेपनेच काढून दाखवलं. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या ग्रॅफाइटचा पृष्ठभाग ताजा करायला लोक आधीपासून टेप वापरत होतेच. वरचा थर टेपला चिकटून निघायचा आणि टेप जायची केराच्या टोपलीत. या दोघांनी टोपलीतल्या टेपकडे बघितलं. २०१० साली नोबेल मिळालं. आज तांब्याच्या पत्र्यावर वायूतून ग्रॅफीनची मोठी चादर उगवता येते, तरी सगळ्यांत स्वच्छ नमुना हवा असेल तर लोक अजून टेपच उचलतात.

आता सामान. ग्रॅफाइट नैसर्गिक घ्या, मोठ्या चकचकीत कपच्यांचं. शिसपेन्सिल सोलून बघायचा मोह प्रत्येकाला होतो; शिशात माती मिसळलेली असते, हाती काजळी येते. टेप दुकानातली साधी पारदर्शकही चालते, पण तिचा गोंद मागे राहतो. सिलिकॉन वेफर (इलेक्ट्रॉनिक चिपा ज्यातून कापतात ती पातळ चकती) कापताना वापरतात ती निळी टेप मिळाली तर उत्तम. आणि चिप: सिलिकॉनच्या वेफरवर सिलिकॉन डायऑक्साइडचा २८५ ते ३०० नॅनोमीटर जाडीचा थर असलेली. ही जाडी हौसेखातर ठरलेली नाही. ग्रॅफीनचा एक थर पडणाऱ्या प्रकाशापैकी फक्त २.३ टक्के शोषतो. काचेवर ठेवलात तर साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो जवळजवळ दिसतच नाही. या जाडीच्या ऑक्साइडवर मात्र वरून आणि खालून परतणाऱ्या प्रकाशलहरी अशा काही मिसळतात की एका अणूच्या जाडीचाही रंग किंचित बदललेला दिसतो. ९० नॅनोमीटरचा ऑक्साइडही चालतो. मधल्याच कुठल्या तरी जाडीचा स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नका. आमच्याकडे एकदा अशी पेटी आली होती. महिनाभर आम्ही स्वतःच्या डोळ्यांना दोष दिला.

वेफरचे हिऱ्याच्या टोकाच्या लेखणीने सेंटिमीटरभर चौकोन पाडा. आधी ॲसिटोन, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), मग नायट्रोजनचा झोत. ॲसिटोनमधून काढलेली चिप हवेत वाळू द्यायची नाही, ओली असतानाच आयपीएत सोडायची, नाहीतर कडेला डागांच्या रांगोळ्या उमटतात. त्यानंतर दोन-तीन मिनिटं ऑक्सिजन प्लाझ्मा, म्हणजे विजेने पेटवलेल्या ऑक्सिजनमध्ये ठेवून उरलीसुरली घाण काढायची. प्लाझ्मातून बाहेर आलेली चिप ताजी असतानाच वापरायची. चहा पिऊन येते म्हणालात की गेली.

इथे मुंबईच्या पावसाचं सांगायलाच हवं. जुलैत हवेतली आर्द्रता नव्वदीला टेकते आणि चिपवर पाण्याचा अदृश्य थर बसतो. ग्रॅफाइट त्या पाण्याला चिकटतं, चिपला नाही, आणि टेप ओढली की सगळं टेपबरोबर परत जातं. पहिल्या पावसाळ्यात माझ्या हाती आठ-आठ दिवस काही लागायचं नाही. टेप बदलली, ग्रॅफाइट बदललं, घरी फोन करून रडूनही झालं. उपाय निघाला हॉटप्लेटचा: टेप लावलेली चिप १०० अंशांवर दोन मिनिटं ठेवायची. मधलं पाणी आणि अडकलेली हवा निघून जाते, पापुद्रा ऑक्साइडला घट्ट बसतो. ही युक्ती २०१५ साली छापूनही आलेली आहे. मला ती कुणी सांगितली नव्हती, म्हणून मी सांगते.

आता टेप. चिमट्याने ग्रॅफाइटची एक कपची टेपवर ठेवा, टेप घडी घालून दाबा, उघडा. दोन कपच्या झाल्या. पुन्हा घडी, जरा बाजूला सरकवून. दर घडीला जाडी अर्धी झाली असं धरलं तर ३० लाख थरांवरून एकावर यायला बावीसेक घड्या पुरतात. कागदावर हिशोब बरोबर आहे, म्हणून पहिल्या आठवड्यात सगळे मोजून बावीस घड्या घालतात आणि ग्रॅफाइटचं पीठ करून ठेवतात. तुकडे कधी बरोबर अर्ध्यावर फाटत नाहीत, आणि प्रत्येक घडीला ते आकाराने लहानही होतात. पाच-सहा घड्या बास. टेपवर राखाडी, निस्तेज ठिपके दाटीवाटीने दिसायला लागले की थांबा. आरशासारखे चमकणारे ठिपके म्हणजे अजून जाड.

या टेपला आम्ही माय-टेप म्हणतो. ती चिपला लावायची नाही. कोरी टेप घेऊन माय-टेपवर हलकेच दाबायची आणि उचलायची. ती लेक-टेप, आणि तीच चिपवर जाते. एका मायेपासून चार-पाच लेकी निघतात, तिसरी बहुतेक वेळा सगळ्यांत गुणी निघते. का, ते मला विचारू नका.

लेक-टेप चिपवर ठेवून अंगठ्याने दाबायचं. चटणी वाटल्यासारखं नाही, बाळाला तेल लावल्यासारखं: एका दिशेने, सगळीकडे सारखं. मग हॉटप्लेट, मग पूर्ण गार होऊ द्यायचं, आणि मग टेप काढायची. अख्खी कला या काढण्यात आहे. टेप जवळजवळ चिपला समांतर ठेवून, इतकी सावकाश की एक सेंटिमीटरला मिनिटभर तरी लागावं. जखमेवरची पट्टी ओढतात तशी खस्सकन ओढलीत तर चिपवर गोंद राहील आणि पापुद्रे चुरगळतील.

यापुढचा दीड दिवस तुम्ही खुर्चीत आणि डोळा सूक्ष्मदर्शकाला.

चिप वांगी रंगाची दिसते. तिच्यावर पिवळे, निळे, पांढरट तुकडे विखुरलेले असतात. ते सगळे जाड, त्यांच्याकडे बघायचं नाही. एका थराचं ग्रॅफीन म्हणजे वांगी रंगावर किंचित जास्त गडद वांगी. ओला हात भिंतीला लागून वाळल्यावर जो डाग राहतो, तितकंच. पहिल्यांदा ते कुणालाच दिसत नाही. मी दाखवते, मूल मान डोलावतं, आणि मला कळतं की त्याला काही दिसलेलं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी अचानक दिसतं आणि मग दिसायचं थांबत नाही. मला तर एकदा लोकलच्या खिडकीच्या काचेवरही दिसलं होतं.

शोधताना १० पटीची लेन्स लावा, दिवा थोडा मंद करा, आणि शेत नांगरतात तसं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन वळा. मधूनच आवडेल तिथे उडी मारायची नाही. जाड तुकड्यांच्या कडा आधी तपासा, पातळ पापुद्रा बहुधा जाडाच्या कडेला लोंबत असतो. गोंदाचा डाग हुबेहूब ग्रॅफीनसारखा दिसतो, पण गोंदाच्या कडा गोलसर असतात. स्फटिक फाटतो तेव्हा कडा सरळ आणि कोपरे बऱ्याचदा ३०, ६०, ९०, १२० अंशांचे. कोपऱ्यांवरून ओळखायला शिका. टोकियो विद्यापीठातल्या गटाने २०१८ साली हे शोधकाम आपणहून करणारं यंत्र बांधून दाखवलं. आता बऱ्याच ठिकाणी कॅमेरा आणि संगणक रात्रभर चिपा चाळतात. मिळालं तर जरूर वापरा, पण पहिल्या पन्नास चिपा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. यंत्राने काय सोडलं हे कळायला कुणाला तरी दिसलं पाहिजे.

सापडलं की लगेच फोटो: ५, २०, ५० आणि १०० पटीवर. चिपच्या एका कोपऱ्यावर लेखणीने खूण केलेली असू द्या आणि तिच्यापासूनचं अंतर वहीत लिहा. सेंटिमीटरच्या चिपवर वीस मायक्रॉनचा पापुद्रा म्हणजे शंभर मीटर लांब-रुंद शेतात पडलेली वीतभर चिंधी. उद्या आठवेल असं वाटतं. आठवत नाही.

खरंच एकच थर आहे का, हे रामन वर्णपटावर ठरतं. पदार्थावरून विखुरताना थोड्या प्रकाशाचा रंग बदलतो, हा सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली कोलकात्यात दाखवलेला परिणाम आज आमच्याकडे रोजच्या ताजव्यासारखा वापरात आहे. हिरवा लेझर पापुद्र्यावर टाकायचा, परतणाऱ्या प्रकाशात १५८० आणि २७०० वेव्हनंबरच्या (रंग किती सरकला ते मोजायचं एकक) आसपास दोन शिखरं बघायची. एकच थर असेल तर २७०० चं शिखर एकटं, सडपातळ आणि पहिल्याच्या दुपटीहून उंच. थर वाढले की ते रुंदावतं, फुगतं, खांदे काढतं. १३५० ला काही उगवलं असेल तर स्फटिकात खोट आहे, दुसरा तुकडा शोधा. लेझरची शक्ती एका मिलिवॅटच्या खाली ठेवा, नाहीतर मोजता मोजता नमुना भाजाल.

इथपर्यंत जे झालं ते २००४ चं विज्ञान. आता रचायचं.

ग्रॅफीन नुसतं ऑक्साइडवर ठेवलं तर खालच्या खडबडीत पृष्ठभागावरचे अडकलेले विद्युतभार त्याला छळतात. म्हणून ते हेक्झॅगोनल बोरॉन नायट्राइड या ग्रॅफाइटसारख्याच थराथरांच्या, पण वीज न वाहू देणाऱ्या पदार्थाच्या दोन पापुद्र्यांत, सँडविचसारखं, ठेवतात. ग्रॅफीन नायट्राइडवर ठेवायची वाट कोलंबिया विद्यापीठाने २०१० मध्ये दाखवली. जगभरातल्या प्रयोगशाळांना चांगले नायट्राइडचे स्फटिक पुरवतात ते मुख्यतः जपानच्या त्सुकुबातले केन्जी वातानाबे आणि ताकाशी तानिगुची. प्रचंड दाबाच्या यंत्रात ते स्फटिक वाढवतात, आणि या क्षेत्रातल्या असंख्य शोधनिबंधांवर दोघांची नावं असतात. स्फटिकाची डबी आली की आमच्याकडे हळदीकुंकू तेवढं वाहायचं बाकी असतं. नायट्राइडही टेपनेच सोलायचं. वीस-तीस नॅनोमीटरचा, फिकट निळा दिसणारा, सपाट तुकडा निवडायचा.

उचलायला लागतो स्टॅम्प: काचपट्टीवर मऊ पारदर्शक सिलिकोनचा घुमट आणि त्यावर पॉलिकार्बोनेटचा पातळ पडदा. हा पडदा न सुरकुतता घुमटावर ताणणं मला महिनाभर जमलं नाही. मग एकदा सुट्टीत बार्शीला गेले असताना आई दुधावरची साय काढत होती. ती मधोमध चमचा घालत नाही. कडेने सोडवून घेते आणि एका बाजूने अख्खी उचलते. परत येऊन तसंच केलं, कडा चारी बाजूंनी सोडवल्या, एका बाजूने उचललं. आला पडदा.

आता ८० ते १०० अंशांवर स्टॅम्प खाली आणून नायट्राइड उचला. मग त्या नायट्राइडने ग्रॅफीनचा फक्त अर्धा भाग झाका आणि वर उचला. झाकलेला अर्धा नायट्राइडला चिकटून वर येतो, उरलेला चिपवर राहतो, मधोमध फाटतं. खालची चिप १.१ अंशाने फिरवा, उरलेला अर्धा पहिल्या अर्ध्याखाली आणा, उचला. दोन्ही अर्धे एकाच तुकड्याचे असल्यामुळे आधीचा कोन नक्की शून्य होता; म्हणून तर फाडायचं. टेक्सासमधल्या एमॅन्युएल टुटुक यांच्या गटाची ही पद्धत. फाडताना ग्रॅफीनला ताण बसतो, म्हणून अलीकडे काहीजण आधीच लेझरने किंवा अतिसूक्ष्म सुईने कापून ठेवतात. मीही आता कापते.

१.१ च का? वॉयलच्या साडीचा पदर दुहेरी धरून किंचित तिरका करा, धाग्यांच्या जाळीवर दुसरीच मोठी नक्षी उमटते. दोन ग्रॅफीनच्या जाळ्यांतही तशीच नक्षी उमटते. मूळ जाळीचा घास, म्हणजे नक्षी पुन्हा पहिल्यासारखी सुरू होईपर्यंतचं अंतर, ०.२४६ नॅनोमीटरचा, १.१ अंशाला नक्षीचा घास १३ नॅनोमीटरच्या आसपास. रफी बिस्ट्रिट्झर आणि ॲलन मॅकडोनाल्ड यांनी २०११ साली गणित मांडलं की या कोनाला इलेक्ट्रॉन जवळजवळ थांबतात. धावत्या माणसाला शेजारून कोण गेलं ते कळत नाही. दादरला गाडी वीस मिनिटं उभी राहिली की डब्यातल्या प्रत्येकाचा कोपर कळतो. थांबलेल्या इलेक्ट्रॉनांचं तसंच होतं, ते एकमेकांचे होतात किंवा एकमेकांवर उठतात. २०१८ च्या मार्चमध्ये एमआयटीतल्या पाब्लो हारियो-एरेरो यांच्या गटाने दाखवलं की १.७ केल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वर, असं ग्रॅफीन अतिवाहक होतं, त्यातून वीज कुठलाही विरोध न होता वाहते. तेव्हा मी शिकाऊ होते. त्या आठवड्यात आमच्याकडची सगळी ठरलेली कामं बाजूला पडली होती.

स्टेजवर, म्हणजे चिप फिरवायच्या बैठकीवर, कोन मी १.२ लावते, कारण दोन थर पुन्हा जुळून बसायला टपलेले असतात आणि वाटेत थोडा कोन खाऊन टाकतात. याच कारणाने रचना झाल्यावर उगाच तापवत बसू नका. शेवटी खालचा नायट्राइड उचला, सगळा थर कोऱ्या चिपवर टेकवा, तापमान १८० अंशांपर्यंत न्या म्हणजे पडदा वितळून चिपवर राहील, आणि तो क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवा. फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणारं कपाट), हातमोजे घालून. टेकवताना घाई झाली तर थरांमध्ये हवेचे बुडबुडे अडकतात, आणि बुडबुड्यापाशी कोन बदलतो. एकाच नमुन्यात एका टोकाला १.०५ आणि दुसऱ्या टोकाला १.१५ निघालेलं मी पाहिलंय. तोही चालतो, विजेच्या तारा कुठल्या भागाला जोडायच्या ते नीट ठरवायचं.

या कामासाठी कुठे जायचं असं विचाराल, तर मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांचा गट अशाच पिळलेल्या, म्हणजे एकमेकांवर कोनात फिरवलेल्या थरांवर काम करतो, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अरिंदम घोष यांचा. टाटा संस्थेचा विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी कार्यक्रमही असतो. अर्ज करताना गुणांबरोबर हेही लिहा की तुम्ही घरी रेडिओ, घड्याळ, शिवणयंत्र, काहीतरी उघडून परत जोडलंय. मी तरी तेच वाचते.

आता पापुद्रे टाकून देण्याबद्दल. मला शिकवलं गेलं ते असं: एक किंवा दोन थर ठेवायचे, तिनाच्या पुढे केर. मीही पुढच्यांना तेच शिकवलं. मग २०२३ साली सिॲटलमध्ये शियाओडोंग शू यांच्या गटाला पिळलेल्या मॉलिब्डेनम टेल्युराइडमध्ये (हाही थराथरांचाच स्फटिक) चुंबकीय क्षेत्राशिवाय अपूर्णांकी हॉल परिणाम मिळाला, म्हणजे इलेक्ट्रॉन मिळून असे वागतात की जणू त्यांचा भार अपूर्णांकात आहे. १९८२ पासून ज्याला जबर चुंबक लागायचा, तो चुंबकाशिवाय. आणि २०२४ मध्ये एमआयटीतल्या लाँग जू यांच्या गटाला तोच परिणाम मिळाला पाच थरांच्या ग्रॅफीनमध्ये. ते थर एकमेकांवर पिळलेले नव्हते, पायऱ्यांसारखे एकाच दिशेला सरकत रचलेले होते, आणि त्यांना खेटून नायट्राइड. अशी पायरी-रचना निसर्गात आपोआप सापडते, पण थोडी. बहुतेक पाच-थरी तुकडे एक पाऊल पुढे, एक मागे असे रचलेले असतात. रंगावरून फरक कळत नाही. रामनमध्ये २७०० चं शिखर पायरी-रचनेत जास्त रुंद आणि एका बाजूला झुकलेलं येतं. सापडलं तर त्याच्या आजूबाजूचा साध्या रचनेचा भाग लगेच कापून वेगळा करा, कारण ओढाताण झाली की पायऱ्या मोडून सगळं साध्या रचनेत जाऊन बसतं. उचलतानाही तेच होतं. दहा वेळा उचलून एकदा टिकलं तरी मी त्या दिवशी मुलांना वडापाव खायला घालते.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी डेसिकेटरच्या (नमुने कोरडे ठेवायच्या पेटीच्या) तळाशी पडलेले माझे २०१७-१८ चे डबे काढले. चिपांच्या शेजारी माझ्याच अक्षरात लिहिलंय: पाच थर, टाकाऊ. पाच थर, टाकाऊ. जोडीला उन्हाळी प्रकल्पाला आलेली कोल्हापूरची एक मुलगी होती, ती परत जायचं विसरून थांबलेली. चाळीस चिपा दोघींनी रामनखाली घातल्या. दोन चिपांवर शिखर झुकलेलं आलं. त्या दोन आता वेगळ्या डबीत आहेत, झाकणावर माझं नाव आहे, आणि चिपा नेहमीसारख्या चमकदार बाजू वर करून ठेवलेल्या आहेत. त्या डबीला कुणी हात लावू नये.